उताराला सुरू होते ना?

जीप १९९३ची, एमएम ५४०, प्यूजो इंजिन. ज्यांनी ही गाडी वापरली आहे त्यांना पुढचं फार समजावायला नको. ज्यांनी वापरलेली नाही त्यांनीही वाचावं, कारण फोर-व्हील कुठलीही असो, ती जुनी झाली आणि सकाळी सुरू होईनाशी झाली की मालकाच्या खिशात हात घालणारे सगळीकडे सारखेच भेटतात. गॅरेज रत्नागिरीत आहे. नाव लिहीत नाही. ओळखायचं ते ओळखतील.

दुखणं लागलं मार्चच्या सुरुवातीला, पहिला आंबा काढायच्या तोंडावर. सकाळी हीटर देऊन सेल्फ मारला की इंजिन कण्हत कण्हत दोन-तीन फेऱ्या घ्यायचं आणि ‘टक्’ करून थांबायचं. दुपारी उन्हात उभी असली तर थोडं बरं. पण सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावरून, खाली येणाऱ्या वाटेवर सोडून दुसऱ्या गिअरात क्लच सोडला की त्याच क्षणी चालू. धूर नाही, खोकणं नाही, चारही सिलिंडर एकदम. मग मी रोज संध्याकाळी गाडी वरच्या अंगाला, तोंड उताराकडे करून लावायला लागलो. चाकांना जांभ्याचे दगड.

हे उताराचं मी गॅरेजवाल्याला पहिल्याच दिवशी सांगितलं. नंतरही सांगत राहिलो. पुढचं सगळं रामायण त्याने तेवढं एक वाक्य कानात घेतलं नाही म्हणून घडलं.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबली की तापते आणि त्या तापलेल्या हवेत फवारलेलं डिझेल पेटतं. प्यूजोच्या या ४.९० इंजिनात (चार सिलिंडर, ९० मिलिमीटर बोअर, २११२ सीसी) डिझेल आधी हेडातल्या छोट्या कोठीत जातं, म्हणून गार असताना हीटर प्लगची मदत लागते. पिस्टन सावकाश वर आला तर दाबलेली हवा रिंगांच्या फटीतून निसटते, आणि उरलेल्या हवेची उष्णता गार लोखंड शोषून घेतं. म्हणजे सेल्फ हळू फिरत असला तर ठणठणीत इंजिनसुद्धा कॉम्प्रेशन गेल्यासारखं वागतं. उतारावर चाकंच इंजिनाला जोरात फिरवतात, तिथे सेल्फचा काही संबंध राहत नाही. तिथे ती पटकन पेटते आहे, म्हणजे कॉम्प्रेशन आहे, डिझेल पोचतंय, टायमिंगही जागेवर आहे. मग उरलं काय? बॅटरी, सेल्फ आणि त्या दोघांच्या मधल्या तारा. एवढं कळायला इंजिन खोलावं लागत नाही.

मी उभी नोकरी वीज मंडळात लाइनवर काढली. वीज कुठे अडते आणि अडली की तिथे काय होतं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण गॅरेजात गिऱ्हाईक म्हणून उभं राहिलं की तुमची नोकरी गेटाबाहेर राहते. तिथे तुम्ही फक्त ‘काका’.

पहिलं निदान बॅटरीचं. ‘काका, बॅटरी बसलीय.’ मी म्हटलं, हेडलाइट तर लख्ख लागतायत. त्यावर तो हसला आणि हाताखालच्या पोराकडे बघून म्हणाला, ‘लाइटला काय लागतंय!’ त्याचं हे एक वाक्य खरं होतं, फक्त त्याचा पुढचा अर्थ त्याला कळला नव्हता. नवी बॅटरी बसवली, साडेआठ हजार रुपये. आणि खरंच दोन-चार दिवस गाडी जरा बरी सुरू झाली. यात फसायला होतं, म्हणून लिहून ठेवतो. वाटेत कुठे अडथळा असला तरी नव्या, पूर्ण भरलेल्या बॅटरीचा जोर थोडा जास्त असतो आणि तेवढ्यावर दुखणं झाकलं जातं. मग ते परत डोकं वर काढतं आणि गॅरेजवाला पुढच्या भागाकडे बोट दाखवायला मोकळा होतो.

पुढचा भाग म्हणजे सेल्फ. आर्मेचर शॉर्ट आहे म्हणाला. रिवाइंडिंगला पाठवतो म्हणाला. आठवडा गेला. मग म्हणाला, रिवाइंडिंगवाला नाही म्हणतोय, रिकंडिशन सेल्फ बसवू. बसवला. जुना कुठाय विचारलं तर ‘आहे हो, ठेवलाय’. अजून ठेवलेलाच आहे म्हणे.

या सगळ्यात गाडी त्याच्या दारात आणि माझे आंबे झाडावर. आमची कलमं सड्यावर आहेत. भाड्याचा पिकअप डांबरी रस्त्यावर थांबायचा आणि गडी क्रेट डोक्यावर घेऊन कातळावरून खाली यायचे. पिकअपवाल्याने एकदा वर यायचा प्रयत्न केला, सुट्या खडीवर मागची चाकं जागीच फिरायला लागली आणि तो उलटा खाली गेला. मार्चमध्ये वाशीच्या बाजारात एकेका दिवसाला काय किंमत असते हे बागायतदाराला सांगायला नको, आणि बाकीच्यांना सांगून उपयोग नाही. पुण्याहून मुलाचा फोन, ‘बाबा, विकून टाका ती.’ ज्याने कधी त्या वाटेवर लो गिअर टाकला नाही त्याने असं म्हणणं सोपं आहे.

सेल्फ बदलूनही दुखणं तेच, म्हणून गाडी घेऊन परत गेलो, आणि मग तिसरा अंक. इंजिन चालू ठेवून त्याने ऑइल भरायचं झाकण उघडलं, वर सैल ठेवलं. झाकण थडथडलं, थोडा धूर आला. ‘बघा. बॅक कॉम्प्रेशन मारतंय. इंजिन थकलंय काका.’ लाइनर, पिस्टन, रिंगा, हेडाचं काम, पंप कॅलिब्रेशन, सगळं मिळून सत्तर-पंचाहत्तर हजार. मी म्हटलं, गेज लाव आणि चारही सिलिंडरचे आकडे मला दाखव. गेज नव्हतं. ‘इतक्या वर्षांचा अनुभव आहे, कानाला कळतं.’ मी परत तेच म्हटलं, अरे बाबा, उताराला सुरू होते ना? आजसुद्धा गोळप-फणसोपचे चढ चढून, भाट्याचा पूल ओलांडून स्वतःच्या चाकांवर तुझ्या दारात आली. कॉम्प्रेशन गेलेली गाडी अशी येते का? ऑइल पीत नाही, धूर टाकत नाही. तो माझ्याकडे बघत होता, पण ऐकत नव्हता. कसा ऐकेल, त्याचा फोन वाजत होता.

फोन ठेवून तो जे बोलला ते माझ्या कायमचं लक्षात राहिलंय. ‘कशाला एवढा खर्च करता? देऊन टाका. माझ्याकडे कोल्हापूरचा एक माणूस आहे. भंगाराच्या वर देईल.’

आता ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी. या जुन्या जीपना गेली काही वर्षं चांगला भाव आहे. कोल्हापूर, पुण्याची तरुण मुलं त्या घेतात, रंगवतात, मोठे टायर घालतात आणि डोंगरात चिखलातून चालवतात. कागदपत्रं स्वच्छ असली, फोर बाय फोर चालू असलं, की इंजिन कसंही असो, गाडी भंगार नसते. हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मी त्याच्यावर चोरीचा आरोप करत नाही. पण जो माणूस तुमची गाडी मेली म्हणून सांगतो आणि त्याच श्वासात गिऱ्हाईक आणतो, त्याच्याकडून किल्ली ताबडतोब परत घ्यावी. मी घेतली. पोरांकडून धक्का मारून सुरू केली आणि घरी, पावसला परत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवी बॅटरी, वेगळा सेल्फ आणि तेच कण्हणं. शेजारच्या मुलाला सीटवर बसवलं, गिअर न्यूट्रलला आहे हे स्वतः बघितलं, आणि त्याला म्हटलं मी सांगेन तेव्हा सेल्फ मार. मी बॉनेट उघडून कान लावून उभा. एकदा मारला, थांबवला. परत मारला. तोल सावरायला हात पुढे टाकला तो स्पीडोमीटरच्या केबलवर पडला, आणि मी हात झटकन मागे घेतला. केबल गरम होती. इंजिन गार, रात्रभर उभी असलेली गाडी, आणि जी केबल फक्त काटा फिरवण्यासाठी आहे (आणि आमचा काटा कैक वर्षांपूर्वीच मेलेला) ती चटका बसेल इतकी गरम.

ज्याने नोकरीभर लाइनवरचे सैल न्यूट्रल शोधले त्याला त्यापुढे काही सांगावं लागत नाही. सेल्फचा मोठा करंट परत बॅटरीकडे जायला वाट शोधत होता. त्याची हक्काची वाट बंद होती, म्हणून तो मिळेल त्या लोखंडातून, गिअरबॉक्सला जोडलेल्या त्या बारीक केबलच्या वेष्टनातून, डॅशबोर्डमार्गे बॉडीत चालला होता. हे आधी का सुचलं नाही असं कुणी विचारेल. गाडी माझ्या ताब्यात होती कुठे?

मीटर आणला. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंट्यावर. क्लॅम्पवर लावायची नाही, शिशाच्या खुंट्यावरच टेकवायची. लाल पिन इंजिनाच्या एका घासून स्वच्छ केलेल्या बोल्टवर. मीटर डीसी व्होल्टवर. सेल्फ मारताना इथे जवळजवळ काहीच दिसता कामा नये, फार तर पाव व्होल्ट. मला दिसले तीन व्होल्टच्या वर. मग लाल पिन चेसिसवर नेली, तिथे आकडा किरकोळ. म्हणजे बॅटरीपासून चेसिसपर्यंत वाट चांगली, चेसिसपासून इंजिनापर्यंतची तुटलेली. खात्री करायला एक जाड जंपर केबल घेतली. एक टोक निगेटिव्हला, दुसरं सेल्फच्याच माउंटिंग बोल्टला. ‘मार रे.’

इंजिन असं फिरलं की तो पोरगा दचकला. हीटरसुद्धा नीट दिला नव्हता, तरी पहिल्या उडीत चालू.

मी तिथेच पायरीवर बसलो. आनंद वगैरे झाला नाही. डोळ्यासमोर आला तो साडेआठ हजाराचा कागद, आणि ‘इंजिन थकलंय काका’ म्हणतानाचा तो कनवाळू चेहरा.

मग खाली शिरलो. या जीपचं इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, गिअरबॉक्सखालीही रबर. रबरातून वीज जात नाही, म्हणून इंजिनापासून चेसिसला तांब्याच्या जाळीची एक पट्टी बोल्टने जोडलेली असते. तीच अर्थिंगची पट्टी. क्लच हाउसिंगजवळ सापडली. चेसिसच्या बाजूचा बोल्ट सोडला तर लगाखाली काळ्या रंगाचा जाड थर, त्याखाली फुगलेला गंज, आणि पट्टी वाकवली तशी हिरवा भुगा होऊन तुटून हातात आली.

आता हा काळा रंग कुठून आला ते सांगतो, कारण खरी गंमत तिथे आहे. आदल्या वर्षी गणपतीच्या आधी क्लच प्लेट बदलली तेव्हा गिअरबॉक्स उतरवला होता. पासिंग होतं, म्हणून त्याच वेळी चेसिसलाही काळा रंग मारून घेतला. (एप्रिल २०२२ मध्ये पंधरा वर्षांवरच्या खासगी मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे सहाशेचे पाच हजार रुपये झाले होते, तेव्हा गाडी नाकारली जाऊ नये म्हणून माणूस रंगरंगोटी करतोच.) गिअरबॉक्स चढवताना ती पट्टी परत लावली ती रंगावर. धातूला धातू टेकलाच नाही. बोल्टाच्या आट्यांतून जेवढी वीज जाईल तेवढ्यावर गाडीने पावसाळा आणि हिवाळा काढला, मग खाऱ्या हवेने तेही खाल्लं. हे काम कुठल्या गॅरेजात केलं होतं? त्याच.

तुटलेली पट्टी प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी त्याच्याकडे गेलो. पिशवी टेबलावर ठेवली. त्याने आत बघितलं आणि म्हणाला, ‘ही पट्टी कंपनीचीच आहे हो. जुनी झाली की जाणारच.’ मी म्हटलं, रंगावर कुणी बसवली? तर म्हणे, ‘तुमचं फवारणीचं औषध गळतं चेसिसवर, त्याने खाल्लं.’ बॅरलमधून गळतं हे खरं आहे; गंधक, तांब्याचं औषध, पोटॅशियम नायट्रेट, सगळं त्याच चेसिसवर ठिबकतं. पण मग फवारणीच्या गाडीची अर्थिंग पहिली बघायला नको का? त्यावर, ‘बॅटरी तशीही जुनीच होती काका, कधीतरी बदलावी लागलीच असती.’ आणि सगळ्यात शेवटी, दोन गिऱ्हाइकांच्या देखत, ‘अर्थिंगचं मी बघणारच होतो, तुम्ही गाडी घेऊन गेलात.’

चूक कुणाच्याही हातून होते, ते मी समजू शकतो. पण पंचाहत्तर हजारांचं इंजिन खोलायच्या आधी पाच मिनिटांची मीटरची तपासणी ‘बघणारच होतो’ या यादीत शेवटी यावी, हे मला अजून पचलेलं नाही.

असो. आता ज्यांच्या दारात अशी गाडी उभी आहे त्यांच्यासाठी.

टेस्ट लॅम्पवर आणि मीटरच्या बझरवर विश्वास ठेवू नका. माझी ती सडकी पट्टीसुद्धा जागेवर असताना बझरला वाजली असती. डिझेल गाडीचा सेल्फ फिरताना तीनशे अँपिअरच्या घरात करंट ओढतो. वाटेत ०.०१ ओहमचा अडथळा असला तरी तीनशे अँपिअरला तिथे ३ व्होल्ट खर्च होतात. बॅटरी ओझ्याखाली साडेदहावर आलेली असते, म्हणजे सेल्फला उरले साडेसात. इतका बारीक अडथळा साध्या मीटरला ओहमवर दिसतच नाही. हेडलाइट आठ-दहा अँपिअरवर चालतात, त्यांना तो अडथळा जाणवत नाही, म्हणून ते लख्ख लागतात. ‘लाइटला काय लागतंय’ याचा पुढचा अर्थ तो हा. तपासणी नेहमी सेल्फ फिरत असताना आणि व्होल्टवर करायची. पॉझिटिव्हची बाजूही तशीच: बॅटरीच्या खुंट्यापासून सेल्फवरच्या मोठ्या बोल्टपर्यंत. तिथे अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर ती तार किंवा तिचं टोक खराब. आणि बॅटरीच्या दोन खुंट्यांमध्ये, उभ्या गाडीला साडेबारा व्होल्टच्या वर असून सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली कोसळत असेल, तेव्हाच बॅटरीवर संशय घ्या.

नवी अर्थिंग करताना मी बाजारातली तयार पट्टी घेतलीच नाही. वेल्डिंगची केबल, ५० चौरस मिलिमीटरची, दोन्ही टोकांना तांब्याचे लग दाबून घेतले. दाबून, म्हणजे क्रिम्प करून; हातोडीने चेपलेला लग वर्षभरात सैल होतो. ही केबल बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट सेल्फच्या माउंटिंग बोल्टला. दुसरी छोटी इंजिनापासून चेसिसला. जिथे लग टेकतो तिथला रंग पॉलिश पेपरने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत काढायचा, दातेरी वॉशर घालायचा, कडक आवळायचं आणि मग वरून व्हॅसलिन किंवा ग्रीस थापायचं. आधी ग्रीस लावून वर लग बसवणारेही महाभाग आहेत. एकूण खर्च हजाराच्या आत.

कॉम्प्रेशन गेलं म्हणून कुणी सांगितलं तर आकडे मागा. गेज हीटर प्लगच्या किंवा इंजेक्टरच्या भोकात बसतं. चार आकडे कागदावर लिहून घ्या. सगळे थोडे कमी आणि जवळजवळ सारखे असतील तर जुनं इंजिन आहे एवढाच अर्थ, एखादाच फार खाली असेल तर तिथे खरंच काही झालंय. ऑइलचं झाकण उडवून दाखवणं ही तपासणी नाही. या वयाच्या प्रत्येक डिझेलमधून तिथे थोडा धूर येतोच.

सेल्फ जोरात फिरतोय पण गाडी पेटत नाही, हे दुखणं अगदी वेगळं. तिथे हीटरच्या तारेवर वीज येते का बघा, आणि डिझेलच्या वाटेत हवा शिरते का बघा. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या रबरी नळीला बारीक चीर असली तर बाहेर डिझेल गळत नाही, आत हवा ओढली जाते. रात्रभरात डिझेल मागे उतरतं. त्या जागी थोडा वेळ पारदर्शक नळी लावली तर बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. नळी बदला, फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू सैल करून हातपंपाने बुडबुडे संपेपर्यंत डिझेल येऊ द्या. यासाठी पंप उतरवून कॅलिब्रेशनला पाठवायची गरज नसते.

गाडीखाली शिरण्याबद्दल एकच सांगतो, पण ते नीट ऐका. या जीपचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागे प्रॉपेलर शाफ्टवर असतो. मागचं एक चाक जॅकने उचललं की ते चाक मोकळं फिरतं आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकते. प्रॉपेलर शाफ्ट उतरवला तर हँडब्रेक नावाची गोष्टच राहत नाही. चाकांना दगड, आणि जॅकवर कधीही विसंबू नका. खाली घोडे किंवा लाकडाचे ओंडके. मातीत जॅक लावायचा तर खाली जाड फळी. काम सुरू करताना बॅटरीचा निगेटिव्ह आधी सोडा, जोडताना तो शेवटी जोडा. हातातली अंगठी काढून ठेवा.

किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवायच्या त्या चारचाकी एटीव्ही हल्ली बऱ्याच जणांनी घेतल्या आहेत, जुन्या, दुसऱ्याच्या हातच्या. एका ओळखीच्याने त्याची माझ्याकडे आणली. वाळू आणि खारं पाणी, त्यामुळे दुखणं तेच: फ्रेमला लावलेला अर्थिंगचा लग हिरवा झालेला. शिवाय पावसाळ्याचे चार महिने पेट्रोल भरून शेडमध्ये ठेवलेली, कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सुकून पायलट जेटचं भोक बुजलेलं. मे संपला की पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल काढून टाकलं असतं तर एवढं झालं नसतं. वाळूतून आल्यावर गोड्या पाण्याने धुवा. हे सगळे सांगतात, कुणी करत नाही.

सुटे भाग रत्नागिरीत सगळे मिळत नाहीत. पुण्याची नाना पेठ किंवा मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड. जुना भाग नमुन्याला बरोबर न्या, कारण एकाच नावाच्या जीपला वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळं सामान लागलेलं असतं. काही सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. वही ठेवा. आणि घाई करू नका, जे मार्चमध्ये कुणालाच जमत नाही.

गॅरेजात गाडी द्यावीच लागली तर काय बदललं त्याचा जुना भाग त्याच दिवशी मागून घ्या. नंतर तो ‘ठेवलेला’ असतो. आणि उताराला सुरू होते हे सांगूनही जो इंजिनाकडे बोट दाखवेल, त्याच्याकडे चहासुद्धा पिऊ नका.

जीप आता रोज सड्यावर जाते. मे महिन्यात शेवटचा आंबा तिनेच उतरवला. सेल्फच्या बिलातले दोन हजार मी अडवून ठेवले आहेत. परवा त्याने पावसला येणाऱ्या कुणाकडून तरी निरोप पाठवला, की काका, हिशेब मिटवून टाका. मी उलट निरोप धाडलाय, माझा जुना सेल्फ आणून दे, त्याचं आर्मेचर माझ्यासमोर तपासू, आणि मग हिशेबाला बसू.